५२४ मीटर आणि ६० सेंटीमीटर

त्सुनामीचं पाणी जमिनीवर सर्वांत उंच कुठवर चढलं, याचं मोजून काढलेलं उत्तर आहे ५२४ मीटर. जागा अलास्कातली लिटुया खाडी, तारीख ९ जुलै १९५८, वेळ रात्री सव्वादहाच्या सुमाराची. उन्हाळ्यात इतक्या उत्तरेला तेव्हाही संधिप्रकाश असतो, त्यामुळे जे घडलं ते खाडीतल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. सात कुतुबमिनार एकावर एक ठेवले, तरी सर्वांत वरचा कळस त्या पाण्याच्या रेघेखालीच राहील. ही रेघ जंगलानेच दाखवून दिली. तिच्या वर दाट, जुनी वृक्षराजी. खाली माती-मुळांसकट धुऊन निघालेला उघडा कातळ. पाण्यात वाहून आलेले ओंडके सापडले, त्यांची साल सोलून निघालेली होती. आजही उपग्रहाच्या छायाचित्रात खाडीच्या काठांना वेगळ्या रंगाची किनार दिसते. ती त्या रात्रीनंतर उगवलेल्या झाडांची आहे.

खाडीचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा. लांबी सुमारे ११ किलोमीटर, सर्वांत खोल जागी २२० मीटर पाणी, समुद्राकडचं तोंड मात्र जेमतेम ३०० मीटर रुंद. टीच्या आडव्या दांडीखालून फेअरवेदर नावाचा भ्रंश जातो. त्या रात्री तो ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हलला आणि त्याच्या एका बाजूची जमीन दुसरीच्या तुलनेत साडेसहा मीटर सरकली. भूकंपाने समुद्राचा तळ उचलला आणि लाट आली, हा नेहमीचा प्रकार इथे झालाच नाही. हादऱ्यांनी खाडीच्या टोकाशी असलेल्या खड्या डोंगराचा एक तुकडा सुटला आणि शेकडो मीटर उंचीवरून थेट पाण्यात कोसळला. सुमारे ३ कोटी घनमीटर दगड.

तीन कोटी घनमीटर म्हणजे किती, हे ऐकून काहीच डोळ्यांसमोर येत नाही. आपल्याकडे या आकाराच्या गोष्टींसाठी एक चांगलं माप आहे. पावसाळ्यात रोज सकाळी वर्तमानपत्रात छापून येतं आणि चहाच्या टपरीवरही ज्यावर चर्चा होते, ते टीएमसी. शंभर कोटी घनफूट. लिटुयातला दगड त्या मापाने एक टीएमसीहून किंचित जास्त भरतो, म्हणजे खडकवासला धरण काठोकाठ भरल्यावर त्यात जेवढं पाणी मावतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. फक्त पाण्याऐवजी दगड, त्यामुळे वजन अडीच-पावणेतीन पट: सुमारे आठ कोटी टन. या दरडीचा गुरुत्वमध्य पाण्यापासून सुमारे ६०० मीटर उंचीवर होता. शाळेतलं सूत्र लावलं की पडताना मोकळी झालेली ऊर्जा निघते; ती हिरोशिमावरच्या अणुबॉम्बच्या सात-आठ पट आहे. हे सगळं सव्वा किलोमीटर रुंदीच्या एका चिंचोळ्या फाट्यात, काही सेकंदांत.

समोर दुसरा डोंगर होता. ५२४ हा आकडा त्या समोरच्या डोंगराच्या उतारावरचा आहे, आणि इथेच पहिली मेख आहे. पाण्याची ५२४ मीटर उंच भिंत खाडीतून धावत गेली, असं चित्र या घटनेच्या बहुतेक वर्णनांवरून मनात तयार होतं. ते चूक आहे. लाटेची उंची वेगळी आणि लाट आपटल्यावर पाणी उतारावर कुठवर चढलं ती उंची वेगळी. झुरिचच्या तंत्रविद्यापीठात या घटनेची ६७५ पट लहान प्रतिकृती करून पाहिली गेली. दरड पाण्यात शिरतानाचा वेग सेकंदाला ११० मीटर धरला, म्हणजे ताशी जवळपास ४०० किलोमीटर. एवढ्या वेगाने शिरलेल्या दगडामागे पाणी लगेच मिटत नाही. हवेचा एक मोठा खळगा तयार होतो आणि त्याच्या काठाने पाणी वर फेकलं जातं. प्रयोगात लाटेची उंची सुमारे दीडशे मीटर आली, आणि समोरच्या उतारावर पाणी चढलं ५२६ मीटर. खऱ्या मोजमापात आणि प्रयोगात दोनच मीटरचा फरक! प्रयोगशाळेतल्या हौदातून निघालेला असा आकडा पाहिला की स्थापत्य अभियंत्यांना मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

खाडीत त्या वेळी तीन मासेमारी बोटी नांगरलेल्या होत्या. एड्री या बोटीवर एक मच्छीमार आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा. लाट दिसल्यापासून बोटीपर्यंत यायला तिला अडीच-तीन मिनिटं लागली; नांगराची साखळी तुटली, बोट काठावरच्या झाडांच्या डोक्यावरून गेली आणि परतीच्या पाण्याने पुन्हा खाडीत आणून टाकली. दोघंही जगले. बॅजर या बोटीवर एक जोडपं होतं. त्यांची बोट लाटेच्या माथ्यावर चढून खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावरून पलीकडे समुद्रात गेली, आणि दांड्यावरची झाडं आपल्याखाली पंचवीसेक मीटर होती, असं बोटवाल्याने नंतर सांगितलं. बोट बुडाली, जोडपं लहानशा होडीतून वाचलं. तिसरी बोट सनमोर. तिच्यावरचे दोघं गेले. इतिहासातल्या सर्वांत उंच त्सुनामीने खाडीत घेतलेले बळी एवढेच, दोन. गिर्यारोहकांची एक तुकडी तिथल्या काठावर मुक्कामाला होती. ती त्याच संध्याकाळी विमानाने निघून गेली होती. ती थांबली असती, तर हा आकडा निराळा असता.

आता दुसरा आकडा. २६ डिसेंबर २००४. सुमात्राजवळच्या भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ नावाचा उपग्रह हिंदी महासागरावरून चालला होता. समुद्राची उंची मोजणं हेच त्याचं काम. त्याने भर समुद्रात त्सुनामीची उंची नोंदवली ती सुमारे ६० सेंटीमीटर. गुडघ्याच्या थोडी वर. त्या क्षणी एखादं जहाज तिथे असतं, तर खलाशांना काही कळलंही नसतं. या ६० सेंटीमीटरने सुमारे २ लाख २७ हजार माणसं मारली.

५२४ मीटर आणि दोन बळी. ६० सेंटीमीटर आणि सव्वादोन लाख. वस्तीचा फरक यात आहेच. लिटुयाच्या काठी गावच नव्हतं. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. २००४ ला सुमारे १३०० किलोमीटर लांबीचा भ्रंश फाटला आणि समुद्राच्या तळाने अंदाजे ३० घनकिलोमीटर पाणी जागचं हलवलं. हे एक हजार साठ टीएमसी होतं. कोयनेचा शिवसागर काठोकाठ भरला की १०५ टीएमसी. तसे दहा शिवसागर एकदम वर उचलले गेले. लिटुयातल्या दगडाच्या बरोबर हजार पट.

उंची कमी असली तरी लाट अवाढव्य लांब होती. किनाऱ्यावर उभ्या माणसाच्या बाजूने हिशेब करून पाहू. जून-जुलैत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर फुटणारी चार मीटरची लाट घ्या. तिच्या माथ्याची जाडी पन्नासेक मीटर. किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरमागे ती फार तर शंभर टन पाणी घेऊन येते आणि काही सेकंदांत मागे जाते. भर समुद्रातली त्सुनामी सरासरी ३० सेंटीमीटरच उंच धरली, पण तिचा उंचवटा १०० किलोमीटर जाडीचा धरला, तर प्रत्येक मीटरमागे पाणी होतं ३० हजार टन. आणि ते मागे जायला अर्धा तासही लागू शकतो. समुद्रच काही वेळ जमिनीवर राहायला येतो म्हणा ना.

वेगाचा हिशेब आणखी सोपा. लाट पाण्याच्या खोलीच्या मानाने खूप लांब असेल, तर तिचा वेग फक्त खोलीवर ठरतो: खोली गुणिले ९.८, त्याचं वर्गमूळ. चार हजार मीटर खोल समुद्रात उत्तर येतं सेकंदाला १९८ मीटर, ताशी ७१३ किलोमीटर, म्हणजे प्रवासी विमानाच्या आसपास. किनाऱ्यापाशी दहा मीटर पाण्यात तोच वेग ताशी ३६ वर येतो. पुढचं पाणी हळू झालं, मागचं अजून जोरात आहे, लांबी आखडते आणि उंची वाढते. बंदा आचेच्या जवळच्या किनाऱ्यावर पाणी ५० मीटरच्या वर चढलं ते असं. लिटुयाच्या २२० मीटर खोलीला हेच सूत्र लावलं तर ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. पण ती लाट आखूड होती. आखूड लाटा पसरतात, फुटतात, दमतात. खाडीच्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडल्यावर पॅसिफिकच्या अफाट पाण्यात ती विरून गेली. दरडीच्या त्सुनामीचा हा स्वभावच आहे: जवळच्याला राक्षस, लांबच्याला किरकोळ.

म्हणून महात्सुनामीच्या यादीत उंचीचा रकाना पाहून दचकणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की आधी घनकिलोमीटरचा रकाना पाहा.

त्या रकान्यात नॉर्वेचं नाव फार वर आहे. सुमारे ८१५० वर्षांपूर्वी नॉर्वेच्या पश्चिमेला समुद्रबूड जमिनीचा काठ सरकला. स्टोरेग्गा म्हणतात त्याला. जिथून तो सुटला, ती समुद्राखालची कड २९० किलोमीटर लांब आहे, म्हणजे मुंबईपासून सरळ रेषेत देवगडपर्यंत. सरकलेला गाळ अंदाजे ३००० घनकिलोमीटर. कोयनेच्या भाषेत सांगायचं तर एक हजार शिवसागर, आणि तेही पाण्याचे नव्हे, चिखल-मातीचे. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ समुद्रतळाच्या उतारावर थरांवर थर साचला होता, आणि बहुधा एका भूकंपाचा धक्का त्याला पुरला. शेटलंड बेटांवर त्या वेळच्या समुद्रपातळीच्या वर वीस मीटरहून उंचावर या लाटेची वाळू सापडते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर दलदलीच्या काळ्या मातीत तिचा पांढुरका पट्टा मिळतो. ब्रिटन आणि युरोप यांच्यामध्ये तेव्हा डॉगरलँड नावाची सखल भूमी होती, शिकारी टोळ्यांची वस्ती असलेली. वाढत्या समुद्राने ती आधीच आकसत आली होती. ही लाट तिच्या उरल्यासुरल्या भागावरून गेली. त्सुनामीच्या वाळूत गाडलं गेलेलं शेवाळ अजून टिकून आहे, आणि त्याच्या कोंबांची वाढ कुठवर आली होती यावरून शास्त्रज्ञांनी ऋतूही सांगितला: शरदाची अखेर. आठ हजार वर्षांपूर्वीच्या आपत्तीचं साल शंभर वर्षांनी इकडेतिकडे होईल, महिना मात्र जवळजवळ पक्का. मला तरी हे ३००० घनकिलोमीटरपेक्षा जास्त थक्क करणारं वाटतं.

ज्वालामुखीच्या बेटांची गोष्ट निराळी. ती समुद्रतळापासून काही किलोमीटर उंच रचलेली, लाव्हा आणि राखेची सैल रास असतात. कधीतरी तिची एक बाजू घसरते. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्डे द्वीपसमूहात फोगो बेटाची पूर्व बाजू अशीच सुमारे ७३ हजार वर्षांपूर्वी समुद्रात गेली. निदान १६० घनकिलोमीटर. हे कळलं ते फोगोवर नव्हे, ५५ किलोमीटर लांबच्या सांतियागो बेटावर. तिथे समुद्रापासून सुमारे दोनशे मीटर उंचीवरच्या पठारावर प्रचंड शिळा विखुरलेल्या आहेत, सर्वांत मोठीचं वजन ७७० टन. गंमत अशी की पठाराचा दगड वेगळा आणि या शिळांचा वेगळा. शिळांच्या जातीचा दगड खाली समुद्रकाठच्या कड्यातच आहे. शिळा खालून वर गेल्या होत्या. कोणी नेल्या असतील? पोर्तुगीज भूवैज्ञानिक रिकार्दो रामाल्यो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेलं उत्तर: पाण्याने. लाट १७० मीटरच्या आसपासची असावी आणि पाणी उतारावर २७० मीटरपर्यंत चढलं असावं. शिळांच्या पृष्ठभागावर वैश्विक किरणांमुळे साठलेला हेलियम मोजून त्या उघड्यावर कधी आल्या तेही काढलं गेलं.

याच धर्तीचं एक भाकीत २००१ मध्ये गाजलं. कॅनरी बेटांतल्या ला पाल्मावरचा कुंब्रे व्हिएहा हा ज्वालामुखी कधीतरी फुटताना त्याचं पश्चिम अंग एका झटक्यात घसरेल, ५०० घनकिलोमीटरपर्यंत दगड समुद्रात जाईल, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १० ते २५ मीटरच्या लाटा येतील, असं स्टीव्हन वॉर्ड आणि सायमन डे यांनी गणिताने मांडलं. न्यूयॉर्क बुडण्याच्या बातम्यांना मग तोटा राहिला नाही. गणित चूक नव्हतं, पण त्यातली गृहीतं टोकाची होती: सगळा तुकडा एकसंध, एकाच वेळी, अतिवेगाने. अशा बेटांच्या पायथ्याशी समुद्रतळावर जे जुने ढिगारे सापडतात, ते बहुधा टप्प्याटप्प्याने कोसळल्याच्या खुणा दाखवतात. नंतरच्या अभ्यासांनी लांबच्या किनाऱ्यांवरची उंची बरीच खाली आणली. १९ सप्टेंबर २०२१ ला कुंब्रे व्हिएहा खरोखर फुटला. ८५ दिवस लाव्हा वाहिला, हजारावर घरं गाडली गेली. बेटाचं अंग जागचं हललं नाही.

खरी भीती बाळगायची ती याहून बऱ्याच लहान ज्वालामुखी-दरडींची. जपानच्या उन्झेन ज्वालामुखीशेजारचा माउंट मायुयामा २१ मे १७९२ रोजी कोसळला आणि समोरच्या आखातातल्या त्सुनामीसह सुमारे १५ हजार माणसं घेऊन गेला. २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियात अनाक क्राकाताऊची बाजू रात्री समुद्रात गेली. ३३८ मीटर उंचीचा डोंगर ११० मीटरचा झाला. ४३७ माणसं मेली. सुंदाच्या सामुद्रधुनीत भोंगे वाजले नाहीत, कारण तिथली इशारा यंत्रणा मोठ्या भूकंपाची वाट पाहत होती आणि भूकंप झालाच नव्हता. अरबी समुद्राला मात्र धोका भूकंपाचाच: २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान किनाऱ्याच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती, सुमारे दोन मीटरची, आणि मुंबईतही माणसं बुडाली होती.

एवढं सगळं पुढच्या गोष्टीपुढे मात्र खेळणं ठरतं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानजवळच्या उथळ समुद्रात दहा-बारा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. डायनोसॉरांचा शेवट म्हणून ही घटना सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याचं काय झालं, हे सविस्तर मांडणारं काम २०२२ मध्ये मॉली रेंज आणि मिशिगन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. त्यांच्या प्रतिमानात आघातानंतर अडीच मिनिटांनी बाहेर उसळलेला पाण्या-मातीचा पडदा साडेचार किलोमीटर उंच होतो. कळसूबाईच्या पावणेतीन पट. तो खाली कोसळतो. दहाव्या मिनिटाला आघातस्थळापासून २२० किलोमीटरवर दीड किलोमीटर उंचीचं एक वर्तुळाकार कडं बाहेर धावत असतं. तासाभरात त्सुनामी उत्तर अटलांटिकमध्ये. उत्तर आणि दक्षिण अमेरिका तेव्हा जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे चार तासांत मधल्या फटीतून पॅसिफिकमध्ये. दोन दिवसांत जगाच्या बहुतेक किनाऱ्यांवर. सुरुवातीच्या लाटेतली ऊर्जा २००४ च्या त्सुनामीच्या ३० हजार पट.

इथे टीएमसी काय, घनकिलोमीटरही अपुरे पडतात. आणि हे नुसतं संगणकातलं चित्र नाही. त्या काळाचा गाळ जगभरात सव्वाशेच्या आसपास ठिकाणी समुद्रतळातून आणि खडकांतून तपासला गेला आहे. जिथे प्रतिमान जोरदार प्रवाह दाखवतं, तिथे गाळाचे थर खरवडलेले किंवा ढवळलेले आहेत. आघातापासून १२ हजार किलोमीटर दूर न्यूझीलंडमधले विस्कटलेले थर आता याच लाटेच्या खात्यावर मांडले जात आहेत. त्याहून नवलाची गोष्ट लुइझियानात आहे. ओहोटीनंतर वाळूवर उमटणारी वळ्यांची नक्षी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिची उंची असते बोटभर. लुइझियानात जमिनीखाली दीड हजार मीटर खोल अशीच नक्षी गाडलेली आहे, तेलाच्या शोधासाठी पाठवलेल्या ध्वनिलहरींतून दिसलेली. तिच्या वळ्या सरासरी १६ मीटर उंच आहेत आणि एकमेकींपासून ६०० मीटर अंतरावर. त्यांच्या रेषांना काटकोनात जाणारी रेघ मागे वाढवत नेली की ती युकातानकडे जाते.

आपली जमीन त्या काळी वेगळ्याच उद्योगात होती. भारत आशियाला जोडला गेलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला बेटासारखा सरकत होता, आणि आज ज्याला सह्याद्री म्हणतो त्याचे काळे थर लाव्हाच्या रूपात एकावर एक पसरत होते. रेंज यांच्या गणितात लाटेचा मुख्य जोर उत्तर अटलांटिक आणि दक्षिण पॅसिफिककडे जातो. हिंदी महासागराच्या बाजूला खंडांची आड मिळते आणि तडाखा पुष्कळ सौम्य होतो. जगाला बुडवणाऱ्या त्या लाटेपासून आपण बऱ्यापैकी सुटलो होतो. आपल्याकडे आगीचं संकट आधीच चालू होतं, हा भाग वेगळा.

लघुग्रहाची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. पण दरडींच्या त्सुनामीला दुर्मीळ म्हणताना जरा थांबावं लागतं. लिटुयातच पाहा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला डॉन मिलर १९५८ च्या आधीच, १९५२-५३ मध्ये, तिथल्या जंगलात अशाच जुन्या रेघा पाहून बुचकळ्यात पडला होता. झाडांची वर्तुळं मोजून त्याने एक लाट १८५३-५४ ची ठरवली, पाणी १२० मीटर चढलेलं. दुसरी १९३६ ची, १४९ मीटरची, तिला साक्षीदार होते. मग त्याच्या हयातीतच तिसरी आली. दुसऱ्याच दिवशी विमानातून त्याने खाडी पाहिली. शंभर-सव्वाशे वर्षांत एकाच खाडीत निदान तीन. तिथल्या त्लिंगिट लोकांच्या कथांत खाडीच्या तोंडाशी राहणारा काह लिटुया नावाचा राक्षस आहे, तो पाण्याचा पृष्ठभाग धरून चादरीसारखा झटकतो. मिलरच्या आधी ही नोंद त्यांनीच करून ठेवली होती म्हणायची.

आणि अलीकडच्या आठ-दहा वर्षांत तर उत्तरेकडच्या खाड्यांनी पाठच धरली आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अलास्कातल्या तान फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या चिंचोळ्या खाडीत, पाणी १९३ मीटर चढलं. जून २०१७ मध्ये ग्रीनलंडच्या कारात फ्योर्डमधल्या दरडीने नूगात्सियाक गावात चार माणसं मारली. कारण बहुतेक ठिकाणी सारखंच: हिमनदी दरीत भरलेली असते तोवर ती दोन्ही बाजूंच्या कड्यांना टेकू देते. ती वितळून खाली बसली, की कडे उघडे आणि निराधार पडतात.

१६ सप्टेंबर २०२३ रोजी जगभरच्या भूकंपमापकांवर एक विचित्र नोंद उमटू लागली. भूकंपाची रेघ अस्ताव्यस्त असते, तिच्यात सगळे सूर मिसळलेले असतात. या नोंदीत सूर एकच होता, ९२ सेकंदांना एक हेलकावा, आणि तो थांबेचना. आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत पृथ्वी नऊ दिवस गुणगुणत होती. काय चाललंय हे कळायला १५ देशांतल्या ४० संस्थांमधले ६८ शास्त्रज्ञ आणि जवळपास वर्ष लागलं. पूर्व ग्रीनलंडच्या निर्मनुष्य डिक्सन फ्योर्डमध्ये १२०० मीटर उंच डोंगराचा माथा हिमनदीवर आणि तिच्यासकट पाण्यात कोसळला होता. अडीच कोटी घनमीटर दगड आणि बर्फ, एक टीएमसीला थोडा कमी. लाट उठली २०० मीटरची. ७० किलोमीटरवरच्या एला बेटावर एक रिकामा लष्करी तळ होता, त्याचं नुकसान झालं. माणूस एकही दगावला नाही, पण या भागात उन्हाळ्यात पर्यटकांची जहाजं फिरतात.

मग ते ९२ सेकंद कसले? फ्योर्ड साधारण २.७ किलोमीटर रुंद आणि ५४० मीटर खोल. एका टोकाला हिमनदी, दुसऱ्या बाजूला तीव्र वळण. अडकलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हिंदकळत राहिलं, सुरुवातीला सुमारे सात मीटर, मग कमी कमी होत काही सेंटीमीटर. भिंती सरळ आणि तळ सपाट धरला, तर मघाचंच वर्गमूळ वापरून हेलकाव्याला ७४-७५ सेकंद लागायला हवेत. पण खऱ्या दरीचा तळ निमुळता असतो, काठाशी पाणी उथळ आणि म्हणून मंद. ते धरलं की उत्तर ९२ च्या आसपास जातं. नऊ दिवसांत असे सुमारे ८४५० हेलकावे झाले, आणि प्रत्येक हेलकाव्याला पाण्याचं ओझं आधी या काठावर, मग त्या काठावर पडत होतं. पृथ्वीला जाणवत होतं ते हे. नंतर समुद्राची उंची मोजणाऱ्या उपग्रहाच्या नोंदींतही पाण्याचा तो कललेला पृष्ठभाग सापडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे आणखी एक, लहान दरड कोसळली आणि तोच सूर पुन्हा ऐकू आला.

अशा डोंगरांवर आता पाळत असते. नॉर्वेतलं आकर्नेसेट हे सर्वांत प्रसिद्ध. गाइरांगर फ्योर्डकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर ५ कोटी ४० लाख घनमीटरपर्यंतचा उतार वर्षाला काही सेंटीमीटर या गतीने खाली सरकतो आहे. अख्खा एकदम सुटला, तर हेलेसिल्ट आणि गाइरांगर या गावांत पाणी सत्तर-ऐंशी मीटर चढेल असा अंदाज आहे, आणि लाट पोचायला वेळ लागेल दहाएक मिनिटांचा. त्याच भागात १९३४ मध्ये ताफ्योर्डला याहून कितीतरी लहान दरड पडली होती, पाणी ६० मीटरच्या वर चढलं आणि ४० माणसं गेली.

दहा मिनिटांत गाव हलत नाही, म्हणून तिथली सगळी मदार डोंगराच्या गतीवर आहे. भेगांमध्ये मापकं, बोअरमध्ये मापकं, समोरच्या काठावरून रडार. मोठे उतार सहसा एकाएकी सुटत नाहीत. कोसळण्याआधी दिवस-आठवडे, कधी महिनेही, त्यांचा वेग वाढत जातो. इटलीत वायोंत धरणाच्या जलाशयावरचा माउंट टोक १९६३ च्या ऑक्टोबरात अखेरीस दिवसाला वीसेक सेंटीमीटर सरकत होता. तो वेग रोज मोजला जात होता, वहीत मांडला जात होता, आणि जलाशयाची पातळी हळूहळू उतरवली की डोंगर थांबेल असा धरणवाल्यांचा हिशेब होता. ९ ऑक्टोबरच्या रात्री २७ कोटी घनमीटर डोंगर मिनिटाच्या आत जलाशयात आला. पाणी धरणावरून उडून खालच्या लोंगारोने गावावर पडलं. २६२ मीटर उंचीचं ते धरण आजही उभं आहे. खालच्या दरीतली जवळपास दोन हजार माणसं गेली, कारण वेग कळत असूनही तिथली गावं रिकामी करायचा हुकूम निघाला नव्हता. आकर्नेसेटच्या योजनेत तो हुकूम कोणत्या पायरीला काढायचा, हे आधीच लिहून ठेवलेलं आहे.